शाळूत माव्याचा प्रतिकार आणायचाय, पण स्कोअर जुळत नाहीत

कडबाकुट्टी, हातकणंगले:
शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) मालदांडी ३५-१ वाणात टॅम ४२८ या माव्याला तगणाऱ्या ज्वारीचा प्रतिकार आणायचा आहे. एफ-१ (दोघांच्या संकराची पहिली पिढी) तयार आहे, पुढं बॅकक्रॉस, म्हणजे पुन्हा मालदांडीशीच संकर. रब्बीत शेतातले १ ते ९ चे स्कोअर (१ म्हणजे निरोगी, ९ म्हणजे वाळलेलं) घेतले तर मालदांडीचंच एक झाड २ वर आणि शेजारचं ८ वर. निवड करायची कशी? भोवती सगळा ऊस आहे, त्यावरच्या लोकरी माव्यामुळं घोळ होतो का? आणि प्रत्येक पिढीत झाडं किती ठेवू?

पानाखालचा:
लोकरी मावा वेगळा, त्याचा इथं संबंध नाही. शाळूवरचा पिवळसर असतो, खालच्या पानांच्या मागच्या बाजूनं सुरू होतो. २ स्कोअरच्या झाडावर मावा पोचलाच नसेल, नाहीतर ढालकिडे-क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकिडींनी साफ केला असेल. त्याला प्रतिकार म्हणू नका.

पहिली निवड रोपावर, बारीक जाळीच्या पिंजऱ्यात करा. साधी शेडनेट नको, परजीवी माशी आत शिरते. फुगलेले तपकिरी मावे दिसले की ती वसाहत टाकून द्या. वसाहत एकाच मादीपासून वाढवा. नराशिवायच पिल्लं देते, त्यामुळं सगळा मावा एकाच जातकुळीचा मिळतो. प्रत्येक ट्रेमध्ये मालदांडी आणि टॅम ४२८ ची एकेक ओळ हवीच. रोपं ३-४ पानांवर आली की प्रत्येकी ५ बिनपंखी प्रौढ सोडा. उचलताना ओल्या ब्रशानं पाठीवर हलकं डिवचा, चालायला लागला की मगच उचला. सोंड पानात रुतलेली असते. ओढला की तुटते आणि मावा मरतो. मालदांडीची बहुतेक रोपं वाळायला आली त्या दिवशी सगळ्या ट्रेचा स्कोअर घ्या.

आणि बियाणं खोडमाशीसाठी इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लावलेलं नाही ना, ते बघा. लावलं असेल तर सगळा ट्रे ‘प्रतिकारक’ निघतो!

बीसी३:
त्याच ट्रेमध्ये एफ-१ पण लावा. तो टॅमसारखा तगला तर प्रतिकार प्रभावी (डॉमिनंट) आहे, म्हणजे जीनची एक प्रतही पुरते. एकच जीन असेल तर बॅकक्रॉसमधली अर्धी रोपं तगतील आणि ७ रोपांत किमान एक जीनवालं मिळायची शक्यता ९९ टक्के. पण ७ वर थांबू नका. मालदांडीचा मोत्यासारखा दाणा आणि कडबा निवडायला ४०-५० तरी हवीत. तिसऱ्या बॅकक्रॉसला सरासरी ९३.७५ टक्के मालदांडी परत येते. मग स्वपरागण. त्यात तगलेल्यांपैकी तिसरा हिस्साच शुद्ध (जीनच्या दोन्ही प्रती असलेला) असतो, म्हणून प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवून पुन्हा १६-१७ रोपं तपासा. एक जरी बळी पडलं तरी ते झाड बाद.

कणसाला पिशवी फुलोऱ्याआधी घाला, पण अधूनमधून आत बघत राहा. पिशवीत मित्रकिडी जात नाहीत, मावा मात्र मजेत वाढतो आणि दाणे चिकटतात.

मार्करचं (जीन ओळखायची डीएनए-खूण) म्हणाल तर आरएमईएस-१ हा मावा-प्रतिकाराचा जीन हेनोंग १६ या चिनी ज्वारीत सहाव्या गुणसूत्रावर सापडला. टॅममध्ये तोच आहे असं धरून चालू नका. तुमच्या दोन्ही पालकांत मार्करचा फरक दिसला आणि ट्रेच्या निकालाशी जुळला, तरच वापरा.

पानाखालचा:
एका जीनवर सगळी भिस्त ठेवू नका बघा. अमेरिकेत गव्हाच्या रशियन माव्यासाठी डीएन-४ जीनचा ‘हॉल्ट’ वाण १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये कोलोरॅडोत त्याला न जुमानणारा मावा सापडला. म्हणून शेवटच्या ओळी शिरोळ, कागल अशा वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या माव्यावर तपासा, वसाहती एकत्र न करता. आणि फुलोऱ्यात शेतातही बघा. रोपावरचा प्रतिकार तिथं टिकेलच असं नाही, आणि कडब्याचं नुकसान तेव्हाच होतं.