दार उघडलं, पण अंगात रक्त हवं

‘१८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई-जोतीराव फुल्यांची मुलींची शाळा निघाली, धर्माची आडकाठी मोडली, मुलींचा प्रश्न तिथेच सुटला’ हे म्हणणं मला अर्धंच पटतं. दार उघडलं हे खरं. पण वर्गात बसायला अंगात रक्त लागतं.

मी दोन वर्षं हडपसरकडच्या एका शाळेत आठवीच्या मुलींना गणित शिकवायला जात होते. तिथे रक्तवाढीसाठी लोहाच्या निळ्या गोळ्या सोमवारी वाटत. श्रावणात त्याच दिवशी निम्म्या मुलींचा उपास. सकाळी नुसता चहा, आणि चहाने तर लोह आणखीच कमी अंगी लागतं. उपाशीपोटी गोळीने मळमळतं, म्हणून ती दप्तराच्या पुढच्या कप्प्यात जायची. एकीच्या कप्प्यात मला चार सापडल्या. तिसऱ्या तासाला तीच मुलगी बाकावर डोकं टेकून. शेवटी बाईंनी वाटपाचा वार बदलून बुधवार केला, शाळेतला भात खाल्ल्यावर गोळी समोरच घ्यायची. उपास कुणाला सोडायला लावला नाही.