सव्वातीन मीटरच्या जागेत मावणारी गाडी: शहाणपण की खूळ?

पेठेतला_खांब (धागाकर्ता)

आईबाबा सदाशिव पेठेत, मी हिंजवडीला. जुना वाडा पाडून तिथे जी इमारत उभी राहिली तिच्यात बारा बिऱ्हाडं आणि खाली गाड्यांच्या जागा पाच. आमच्या वाट्याला जी आली तिच्या एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला जिन्याची भिंत. टेप लावून मोजलं: १० फूट ८ इंच. म्हणजे सव्वातीन मीटर. तिथे बाबांची स्कूटर, दोन सायकली आणि गणपतीच्या मखराचं सामान सुखाने नांदतंय. गाडी मात्र रस्त्यावर. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला. आता ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम, म्हणजे गाडी हलवायचीच नसते. पण बाबा सवयीने सकाळी सहाला उठून ती पलीकडे नेऊन लावतात आणि मग दहा वाजता सोडवून आणायला जातात. दोनदा झालंय.

ती गाडी आता म्हातारी झाली. नवी घ्यायची. बाबा ६८ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. जाणं-येणं म्हणजे मंडई, डॉक्टर, कोथरूडची मावशी, बालगंधर्वला नाटक. वर्षाला चार हजार किलोमीटर झाले तर डोक्यावरून पाणी.

माझं मत स्पष्ट आहे. शहरातल्या दोन माणसांना तीन मीटरची गाडी पुरते. वर्षातून दोनदा कोकणात जायचं म्हणून उरलेले साडेतीनशे दिवस आपण मोठं धूड पोसत बसतो. एमजीची इलेक्ट्रिक कॉमेट २.९७ मीटर, बसते. जुनी नॅनो ३.१, तीही बसते. अल्टो के१० साडेतीन मीटरची, गेली बाहेर.

मतं द्या. "गाडीच घेऊ नका" हेही चालेल, पण ते बाबांना तुम्ही येऊन सांगायचं.

---

घाटरस्ता

पूर्ण असहमत. टेप पाण्याच्या टाकीला लावण्याआधी गाडीच्या पत्र्याला लावायला हवा होता.

२०१४ साली गाड्यांच्या सुरक्षेला पाचपैकी तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय गाड्या आपटून पाहिल्या. नॅनो, अल्टो ८००, आय१०, फिगो, पोलो. पाचही शून्य तारे. पुढे सुधारणा झाली म्हणाल, तर २०२३मध्ये वॅगनआरला एक आणि अल्टो के१०ला दोन. लहान गाडीत तुमच्या गुडघ्यापुढे चुरगळायला जागाच कमी असते, याला कोणी काही करू शकत नाही.

माझ्याच बाबतीत, सिग्नलला उभा असताना मागून टेम्पो आला. गाडीचं नाव सांगत नाही, पण डिकीचं झाकण मागच्या सीटच्या पाठीला येऊन टेकलं. मागे कोणी बसलेलं नव्हतं म्हणून आज हे टंकतोय.

आणि "फक्त मंडई" हे तुम्ही म्हणताय. साताऱ्याला भाच्याचं लग्न निघालं की बाबा त्याच गाडीने निघणार. खंबाटकीत पुढे ट्रक, मागे एसटी आणि मध्ये १२ इंची चाकांवरची डबी.

---

कोल्हापुरी_चप्पल

आमच्या पाव्हण्यानं असली गाडी गल्लीत आणली. आज्जी दारात आरतीचं ताट घिऊन हुबी. गाडी थांबली, आज्जी थांबली, कोण काय बोलंना. शेवटी आज्जी म्हणली, "बाकीची मागनं येतीय काय रं?"

---

नॅनोवाला_२०१०

राहवत नाही म्हणून लिहितोय.

२००९ला नॅनोसाठी सोडत निघाली होती, नव्या पिढीला हे सांगून पटणार नाही. घरासाठी म्हाडाची निघते तशी, गाडीसाठी. आमचा नंबर लागला, २०१०ला गाडी दारात आली, २०१९पर्यंत चालवली. इंजिन मागच्या सीटखाली, ६२४ सीसी, दोन सिलिंडर. पुढचं बॉनेट उघडलं की इंजिनाऐवजी स्टेपनी आणि पेट्रोलचं झाकण. दर नव्या पंपावर तो पोरगा नळी हातात घेऊन गाडीला एक प्रदक्षिणा घालायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. वायपर एकच. चाकाला नट तीनच. मागचं दार उघडतच नसे (ते २०१५च्या मॉडेलला आलं), सामान मागच्या सीटवरून आत ढकलायचं. आमची ही म्हणायची, कणगीत धान्य ओततोय असं वाटतं.

पण आत बसून बघा. सासरे सहा फुटी, टोपीसकट बसायचे आणि डोकं छताला लागत नसे. चाकं चार कोपऱ्यांत सारलेली, इंजिन मागे, त्यामुळे सगळी लांबी माणसांना. सीट उंच, वाकून आत "उतरावं" लागत नाही, खुर्चीवर टेकल्यासारखं बसायचं. धागाकर्त्याच्या बाबांच्या गुडघ्यांना हे महत्त्वाचं आहे. लहान गाडी म्हणजे अवघडून बसणं, हे ज्यांनी बाहेरूनच पाहिलंय त्यांचं मत.

तिला मारलं ते "सर्वांत स्वस्त" या शब्दाने. रतन टाटांनीच पुढे जाहीरपणे मान्य केलं की स्वस्त म्हणून ती विकली गेली ही चूक झाली. आपल्याकडे स्वस्त भाजी मिरवतात, स्वस्त गाडी नाही. स्कूटरवाल्याला वाटलं, गाडी घ्यायची तर खरी घ्यावी, आणि गाडीवाल्याला वाटलं, शेजारी काय म्हणतील. २०१८ला उत्पादन थांबलं.

घाटरस्ता, तुमच्या ताऱ्यांबद्दल एकच. ती समोरची टक्कर ६४च्या वेगाने करतात. सदाशिव पेठेत ६४चा वेग गाठायला रस्ता संपतो हो.

---

घाटरस्ता

पेठेत नाही, पण रात्री नाटक सुटल्यावर जंगली महाराज रस्त्याला काय गाड्या ३०ने जातात? तुमचा वेग तुमच्या हातात, समोरच्याचा नाही.

आणि मी लहान गाड्यांच्या विरुद्ध आहे असं समजू नका. टियागोने २०२०ला चार तारे घेतले, पंचने २०२१ला पाच. दोन्ही चार मीटरच्या आत. पावणेचार मीटरवर थांबा एवढंच म्हणतोय. तीनवर येऊ नका.

---

पेठेतला_खांब

पावणेचार मीटरवर थांबलो तर गाडी अर्धा मीटर जिन्यात जाते. वरच्या जोशीकाकू तिथून रोज फुलं आणायला उतरतात.

---

नागोयाकर

इथे जपानमध्ये हाच प्रश्न १९४९पासून कायद्यात बसवलाय. केई नावाचा वर्ग. आजचा नियम: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८, इंजिन ६६० सीसी. एवढ्यात बसवलंत तर वार्षिक कर कमी. माझ्याकडे एक आहे. केईच्या खासगी गाडीला पिवळी नंबरप्लेट असते. आईला फोटो पाठवला तर तिचा पहिला प्रश्न, "टॅक्सी चालवायला लागलास का रे?"

दुसरी गोष्ट महत्त्वाची. शहरात गाडी नावावर करायची तर घरापासून दोन किलोमीटरच्या आत ती ठेवायला जागा आहे, असा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. रस्ता हा कोणाचा वाडा नाही, हे इथे गृहीतच धरलंय. बऱ्याच ग्रामीण भागांत केईला त्यातून सूट आहे. म्हणजे सरकारने आधी जागा महाग केली, मग गाड्या आपोआप आखडल्या. आपली मारुती ८०० आठवते? १९८३ची पहिली. ती याच केई घराण्यातली, फक्त इंजिन मोठं बसवलेलं. चाळीस वर्षांपूर्वी आख्ख्या देशाला ती गाडी पुरत होती आणि लोक तिच्यातून पाच-पाच जण महाबळेश्वरला जात होते. माणसं लांब झाली की हौस?

तोटेही सांगतो. हायवेला चढावर इंजिन रडतं. उंच आणि अरुंद असल्याने पुलावर वारा आला की गाडी डुलते, बायको हात घट्ट धरते. लांबच्या प्रवासाला मी ट्रेन पकडतो. पण इथे ट्रेन आहे, हा मुद्दा मान्य.

---

चार_मीटर_एक_इंच

नागोयाकरांनी दुखरी नस पकडली. आपल्याकडे २००६पासून रेघ चार मीटरवर मारली. त्याच्या आत असलात आणि इंजिन लहान असेल तर कर कमी. मग काय झालं? ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, सगळ्यांची लांबी काढून बघा: ३,९९५ मिलिमीटर. पाच मिलिमीटर देवाला सोडलेत. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी १८ टक्के झाला तो पेट्रोलमध्ये १,२०० सीसी आणि चार मीटरच्या आतल्यांना, वरच्यांना ४०. पण तीन मीटरच्या पेट्रोल गाडीलाही १८ आणि ३,९९५लाही १८. मग कंपनीने तीन मीटरची का बनवावी आणि गिऱ्हाइकाने का घ्यावी?

रिक्षा आणि गाडी यांच्या मधली एक पायरी करून पाहिली होती, क्वाड्रिसायकल. बजाज क्यूट, २१६ सीसी, वेग ७०पर्यंत. २०१९ला महाराष्ट्रात आली तेव्हा अडीच लाखांच्या आत होती. रिक्षावाल्याला ती गाडी वाटली आणि गाडीवाल्याला रिक्षा. धोबी का कुत्ता.

माझं म्हणणं, धागाकर्ते बरोबर आहेत पण एकटे आहेत. तुम्ही तीन मीटरची घेतलीत तर रस्त्यावर वाचलेल्या एक मीटरमध्ये उद्या कोणीतरी बुलेट लावणार.

---

पायी_पायी

इतक्या प्रतिसादांत साधा हिशोब कोणी केला नाही. वर्षाला ४,००० किलोमीटर. रिक्षाचे किलोमीटरला वीस धरले तरी ८०,०००. सात-आठ लाखांच्या गाडीची किंमत दरवर्षी उतरते, त्यात विमा आणि देखभाल. मांडून बघा, फार लांब जात नाही. वर मंडईला मेट्रो आलीय २०२४पासून.

आणखी एक. छोट्या गाडीने रस्ता मोकळा होतो हा भ्रम आहे. चालती गाडी आपल्या लांबीपेक्षा पुढच्या गाडीपासूनच्या अंतराने जागा खाते. तीन मीटरची असो की साडेचारची, ३०च्या वेगाला पुढे निदान सहा-आठ मीटर सोडायलाच हवेत. (पुण्यात कोणी सोडत नाही, ते वेगळं.) बचत होते ती फक्त उभी असताना.

---

पेठेतला_खांब

उभीच असते हो! दिवसाचे २३ तास उभी असते. म्हणून तर धागा काढला.

रिक्षाचा हिशोब बाबांना दाखवला. म्हणाले, "पावसात रात्री साडेबाराला बालगंधर्वच्या दारात त्या पायी_पायी यांना उभं कर आणि किती रिक्षा थांबतात ते मोजायला सांग."

---

ठाण्याची_ताई

मी दीड वर्ष तीच तीन मीटरची इलेक्ट्रिक कॉमेट चालवतेय, घर ते मुलुंड आणि परत. तेव्हा इथे जे न चालवता लिहितायत त्यांनी जरा सरका.

सुख: वळण. ४.२ मीटरची त्रिज्या. जिथे मोठ्या गाड्या पुढे-मागे, पुढे-मागे करतात तिथून मी एका झोकात वळते आणि मागचा हॉर्नवाला गप्प होतो. नव्याने शिकलेल्या बायकांना मी हीच सुचवते, कारण गाडीचे चारही कोपरे दिसतात. बॅटरी १७.३ युनिटची, रात्री साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावली की सकाळी भरलेली.

दुःख: मागची सीट उभी असेल तर डिकी नावालाच. माणसं न्या किंवा सामान न्या. खड्ड्यात १२ इंची चाक जातं तेव्हा खड्डा कुठे संपला ते कंबरेला कळतं. आणि सोसायटीची चार्जिंगची परवानगी! सहा महिने, तीन सभा. एका काकांना वाटत होतं की माझ्या गाडीमुळे लिफ्टचं बिल वाढेल.

आता धागाकर्त्याला खरा प्रश्न. तुम्ही लांबी मोजली. रुंदी मोजलीत का? या गाडीला दारं दोनच, आणि दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं. बाहेर पडायला ते चांगलं सताड उघडावं लागतं. गाडी जागेत बसेल. बाबा तिच्यातून निघतील का?

---

घाटरस्ता

ताई, +१००. एवढे दिवस मी तारे मोजत बसलो आणि दार विसरलो.

---

पेठेतला_खांब

ताईंचा प्रतिसाद वाचून शनिवारी पेठेत गेलो. डावीकडची भिंत ते स्कूटरचा खांब: ७ फूट २ इंच. गाडीची रुंदी दीड मीटर. डावीकडे भिंतीला अगदी चिकटवली तरी उजवीकडे दोन फूट उरतात.

मग प्रयोग केला. खडूने फरशीवर गाडी आखली, आत स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली, मखराचा प्लाय दार म्हणून मी धरला, खांबाला टेकेपर्यंतच उघडला. बाबा बसले. समोर स्टिअरिंग म्हणून आईने परात धरली. उजवा पाय निघाला. डावा गुडघा परातीखाली अडला. तीनदा केलं. तिसऱ्यांदा जोशीकाकू जिन्यात थांबून बघत होत्या.

बाबा म्हणाले, "काही बिघडत नाही. मी बाहेर उतरत जाईन, हा गाडी आत लावेल."

आई म्हणाली, "हा शनिवारी येतो. मंगळवारी कोण लावणार?"

---

नॅनोवाला_२०१०

नॅनोला दारं चार होती. सहज सांगितलं.

---

चार_मीटर_एक_इंच

खांब पाडता येत नाही हे समजू शकतो. टाकी हलवून गाडी तिरकी लावता येईल का?

---

पेठेतला_खांब

टाकी हलवायला बाराही बिऱ्हाडांच्या सह्या लागतात. सात झाल्यात. जोशीकाकू म्हणाल्या, आधी परातीचं काय चाललं होतं ते सांगा, मग सही.