‘पहिला’ करार? बॅटमनचा कागद विसरू नका
ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने (राजधानी मेलबर्न) नोव्हेंबर २०२५ मध्ये केलेल्या कराराला ‘ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांशी झालेला पहिलाच करार’ म्हणतात. सरकारने केलेला पहिला, एवढं जोडायला हवं. १८३५ मध्ये वसाहतवाला जॉन बॅटमन (हो, आडनाव खरंच तेच) याने आजच्या मेलबर्नजवळ वुरुंजेरी जमातीच्या जाणत्यांकडून सुमारे सहा लाख एकर जमीन ‘विकत’ घेतली होती. मोबदला काय, तर घोंगड्या, चाकू, कुऱ्हाडी, आरसे, पीठ. त्या कागदावरचं त्यांना किती कळलं असेल, देव जाणे. ब्रिटिश गव्हर्नर बर्कने तो करार रद्द केला, पण लोक फसले म्हणून नव्हे; जमीन ब्रिटिश राजाची, ती विकायचा त्यांना हक्कच कुठला, म्हणून! त्याच व्हिक्टोरियात आता खुद्द राज्य सरकारने करारावर सही केली, म्हणून तिथला जल्लोष मला तरी अतिरेकी वाटत नाही.

‘सरकार बदललं की करार संपला’ ही शंका मात्र रास्त आहे. ऑस्ट्रेलियाच्याच क्वीन्सलंड राज्यात २०२४ ला सत्तांतर झालं आणि तिथल्या मूळ रहिवाशांशी कराराच्या तयारीचा कायदाच मोडीत निघाला. व्हिक्टोरियात २०२६ च्या नोव्हेंबरात निवडणूक आहे.