'सेट' गेला, 'रन' आला
इंग्रजीत सर्वाधिक अर्थांचा शब्द 'सेट' (set), असं बरेचजण सांगतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीपुरतं ते बरोबर आहे, तिथे 'सेट' क्रियापदाचे ४३० अर्थ होते. पण आता सुधारित नोंदींत 'रन'ने (run, म्हणजे पळणे) बाजी मारलीय. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! ती नोंद तयार करायला कोशकार पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. (एका शब्दापायी नऊ महिने, म्हणजे बाळंतपणच की.)

मला गंमत वाटते ती 'रन'चं मराठी करताना. इंग्रज जिथे पळतो तिथे आपण बहुधा चालतो. दुकान चालवतो, इंजिन चालू असतं, नाटकाचे प्रयोग चालतात. नाक मात्र वाहतं आणि पहिल्याच धुण्यात साडीचा रंग जातो. निवडणुकीत अमेरिकन माणूस पळतो, आपला उमेदवार उभा राहतो. ब्रिटिशही उभाच राहतो म्हणा. 'लोकल उशिराने धावत आहेत' हे मात्र सरळ इंग्रजीतून उचललेलं. उशीर झालाय आणि धावतेय कसली!

आणि आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागत नाही, घाट लागला की गाडी लागते, तळाला दूध लागतं, दारात गाडी लागते आणि शेजाऱ्याशी आपलं नातंही लागतं. परवा एका अमराठी मित्राला 'गाडी लागली' समजावताना ती पार्क झाली की त्याला मळमळतंय, यावरच दहा मिनिटं गेली.