इपानेमाची मुलगी आणि तो नॅपकिन

खवट_खंजिरी:
'द गर्ल फ्रॉम इपानेमा' या ब्राझिलियन गाण्याबद्दल काल इथं एकानं ठोकून दिलं, "संगीतकार जोबिम आणि कवी विनिसियस बारमध्ये बसलेले, समोरून हेलो नावाची मुलगी गेली, नॅपकिनवर गाणं तयार!" वर शंभर अंगठे. अहो, १९६२ ची गोष्ट. जोबिमनं चाल बांधली रिओच्या इपानेमा भागातल्या आपल्या घरी, पियानोवर. विनिसियसनं शब्द लिहिले पेत्रोपोलिसच्या डोंगरात. तेही एका संगीतिकेसाठी. त्या वेलोसो बारमध्ये दोघं फक्त प्यायचे.

रिओरिटर्न:
मी त्या बारमध्ये बसून आलोय. रस्त्याला आता विनिसियसचं नाव आहे, बारला गाण्याचं. भिंतीवर स्वरलिपी केवढी मोठी लावलीय! आणि हेलो ही आमची थाप नव्हे, १९६५ मध्ये खुद्द विनिसियसनं तिचं नाव जाहीर केलं. मुलगीच गेली नसती तर घरी बसून काय पेटी बडवणार होते?

खवट_खंजिरी:
मुलगी खरी. नॅपकिन खोटा. वाचता येत असेल तर पुन्हा वाचा.

सायली_सात_मात्रा:
दोघेही पुरुषांचंच उगाळा. जगानं गाणं ऐकलं ते गायिका अस्तृदच्या आवाजात, मार्च १९६३, न्यूयॉर्क. एलपीच्या कव्हरवर सॅक्सोफोनवाला गेट्झ, तिचा गायक नवरा जोआंव, जोबिम. तिचं नाव नाही!

मडगावकर:
आमच्या धोबीतलावला शेजारी एक गोंयकार अंकल होते, व्हायोलिनवाले. एक संगीतकार दोन ओळी गुणगुणायचा, बाकी सगळं अंकल रात्रभर कागदावर उतरवायचे. तबकडीवर नाव त्याचं, अंकलना दिवसाची हजेरी. हिंदी सिनेमातल्या सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरचं नावसुद्धा यायचं ते सहायक म्हणून.

खवट_खंजिरी:
रिओहून धोबीतलाव? जोबिम स्वतः स्वरलेखन करायचा हो. तुमची तुलना लंगडी आहे.

मडगावकर:
लंगडी तर लंगडी. अंकल गेले तेव्हा त्या संगीतकाराकडून साधा माणूस आला नाही. तुम्ही पियानोचा पत्ता शोधत बसा.

सायली_सात_मात्रा:
मडगावकर, +१. पण अस्तृदला निदान सिंगलवर, म्हणजे त्या गाण्याच्या सुट्या तबकडीवर, नाव मिळालं. तिथं नवऱ्याचाच आवाज कापला होता.

रिओरिटर्न:
आणि हेलोनं बुटीकला गाण्याचं नाव दिलं तर २००१ मध्ये जोबिम-विनिसियसच्या वारसांनी तिलाच कोर्टात खेचलं. जिंकली ती! आता बोला.

खवट_खंजिरी:
जिंकली, आनंद आहे. अंकलबद्दल बोललो ते मागे घेतो. पण रिओरिटर्न, एवढी भिंत सजवलीय म्हणता, मग नॅपकिन का नाही लावला तिथं?