मदत हवी आहे: एकाच खाचरातले दोन भात, कॅडमियम तिप्पट कसं?

नमस्कार मंडळी,

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला पूर्वी धातू गाळण्याचा कारखाना होता. यंदा माती तपासली तर कॅडमियम हा विषारी धातू जास्त निघाला, सामू (pH) ५.३, म्हणजे माती आम्लधर्मी. काळजी वाटली म्हणून दोन वाणांचा तांदूळ प्रयोगशाळेत दिला. दोन्ही एकाच खाचरातले, मधे हातभर अंतर. हळव्यात (लवकर पिकणाऱ्या वाणात) किलोला ०.१५ मिलिग्रॅम कॅडमियम आलं, गरव्यात (उशिरा पिकणाऱ्यात) ०.४५. पांढऱ्या तांदळासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा ०.४ आहे. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे हा आकडा डोक्यातून जात नाही.

वाचून कळलं ते असं. भाताच्या मुळात मँगनीज आत घेणारं एक प्रथिन असतं, त्याच वाटेने कॅडमियमही शिरतं. मग काही वाण ते मुळाच्या पेशीतच कोंडून ठेवतात, काहींना ते जमत नाही आणि ते वर चढून दाण्यात उतरतं. भाताचे इंडिका आणि जपोनिका असे दोन मुख्य गट आहेत, त्यात इंडिका वाण साधारणपणे जपोनिकापेक्षा जास्त उचलतात. २०१२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कोशिहिकारी या तिथल्या वाणापासून असे भात मिळवले, ज्यांच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ येतच नाही. तिथे हे मुळातलं प्रथिनच निकामी झालेलं आहे.

म्हणून पुढच्या हंगामात सगळीकडे हळवाच लावावा का? आणि कॅडमियम कमी घेणारा वाण आर्सेनिकही कमी घेईल, असं धरून चालेल का?

प्रतिसाद १
आर्सेनिकचं तसं धरू नका. ते सिलिकाच्या वाटेने येतं, ती वाट वेगळी. शिवाय पाणी साचलं की कॅडमियम मातीत अडकतं, पण आर्सेनिक मोकळं होतं.
आधी एक सांगा, खाचरातलं पाणी कधी सोडलंत? आणि तेव्हा दोन्ही भात कुठल्या अवस्थेत होते?

धागाकर्ता
हळव्याचे दाणे टणक झाले तेव्हा सोडलं. गरवा नुकताच निसवला होता (लोंब्या बाहेर आल्या होत्या), दाणा दाबला की दूध यायचं.

प्रतिसाद १
मग हा फरक वाणाचा की पाण्याचा, ते या अहवालावरून ठरत नाही. गरव्याचा दाणा कोरड्या जमिनीत भरला. माती कोरडी, त्यात सामू ५.३, म्हणजे कॅडमियम सुटायला अगदी सोयीचं. पुढच्या वेळी दोन्हींची पेरणी अशी मागेपुढे करा की एकाच आठवड्यात निसवतील, आणि दाणा भरेपर्यंत दोन्हींत सारखं पाणी ठेवा. तपासणीत कॅडमियमबरोबर आर्सेनिकही मागा. मातीची आम्लता कमी करायला चुना मात्र त्या तपासणीची वाट न बघता माती परीक्षणाच्या शिफारशीप्रमाणे आताच टाका.

धागाकर्ता
हे लक्षातच आलं नव्हतं. दोन्ही बियाणं राखून ठेवतो.