दिशा बरोबर, तरी तोटा

एकांनी विचारलंय की कंपनीच्या निकालाच्या आदल्या दिवशी कॉल (ठरलेल्या भावाला शेअर विकत घेण्याचा हक्क) घेतला, शेअर वर उघडला, तरी प्रीमियम (त्या कॉलची किंमत) कसा पडला? यात कुणी गडबड केलेली नाही. निकालाआधी अनिश्चितता जास्त असते, म्हणून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (बाजाराने पुढे धरलेला चढउतार) फुगलेली असते आणि तिची किंमत तुम्ही प्रीमियममध्येच मोजता. निकाल लागला की ती हवा एका रात्रीत निघून जाते.

समजा, शेअर 500 वर, 500 चा कॉल 20 ला घेतला. सकाळी शेअर 508. आता अंतर्गत मूल्य (508 वजा 500) फक्त 8, उरलेलं काळमूल्य, म्हणजे मुदत संपेपर्यंतच्या शक्यतेची किंमत. ते 5-6 राहिलं तर कॉल 13-14 वरच. एक्स्पायरीपर्यंत (मुदत संपेपर्यंत) धरला तरी शेअर 520 च्या वर गेल्याशिवाय नफा नाही.

खरी गंमत पुढे असते. "माझं तर बरोबर होतं" या रागात माणूस लगेच दुप्पट लॉट (ठरावीक संख्येचे गठ्ठे) घेतो. मीही घेतलेत, म्हणून सांगतोय. घेण्याआधी एवढंच बघा: कॉल आणि पुट (ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क) दोन्हींच्या ॲट द मनी (शेअरच्या सध्याच्या भावाजवळच्या) प्रीमियमची बेरीज केली की बाजार साधारण किती हालचाल धरून चाललाय ते कळतं. तुमचा अंदाज त्याहून मोठा नसेल तर मी तरी नुसता कॉल घेणार नाही, स्प्रेड करेन, म्हणजे एक कॉल घेऊन वरच्या भावाचा दुसरा विकेन.